वाद्यावरील दिवा

इतिहास लिहिणारांचें लक्ष बहुधा मोठ्या शोधांकडे असतें. पियानो प्रथम कोणीं घडविला, विजेचा दिवा कोणीं लावला, विजेपासून स्वर काढण्याची युक्ति कोणास साधली, या प्रश्नांचीं उत्तरें ग्रंथांत सहज मिळतात. परंतु दिवस मावळल्यावर वाजविणाऱ्यास आपलें वाद्य दिसत कसें होतें, हा साधा प्रश्न त्या ग्रंथांत क्वचितच विचारलेला आढळतो. हल्लीं ज्यास सिंथेसायझर म्हणतात त्या विजेच्या वाद्यावर, वळवावी तशी वळणाऱ्या मानेचा एक चिमुकला दिवा बसवितात. तो कोठें अडकवावा, घट्ट कसा राहावा, वाजवितांना हालूं नये म्हणून काय करावें, हा वादकांपुढील नेहमींचा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. पण त्याच्यामागें अडीचशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे वाद्य व वादक यांच्या नात्यांत झालेला एक मोठा पालट ध्यानांत येतो. तो पालट कोणता, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

अठराव्या शतकांतील युरोपांत संध्याकाळचें संगीत मेणबत्तीच्या उजेडांत चाले. याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इ. स. १७७२ मधील आहे. हंगेरींतील एस्टरहाझा येथील राजवाड्यांत योझेफ हायडन हा संगीतप्रमुख होता. त्याचा धनी प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी त्या वर्षीं आपला तेथील मुक्काम लांबवीत गेला, आणि बायकामुलांस आयझेनश्टाट येथें ठेवून आलेले वादक घरच्या ओढीनें कंटाळून गेले. हायडननें धन्यास तोंडानें कांहीं न सांगतां एक सिंफनी रचली. तिच्या अखेरच्या भागांत एकेक वादक आपलें काम संपलें कीं पुढ्यांतील मेणबत्ती विझवून उठून जातो, आणि शेवटीं दोन व्हायोलिनें तेवढीं उरतात. धन्यानें इशारा ओळखला व मंडळी लवकरच घरीं परतली, अशी परंपरागत हकीकत आहे. हायडनचा विनोद आणि त्याचें सौजन्य यांचें कौतुक सर्वच करतात. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, प्रत्येक वादकापुढें त्याचा स्वतःचा दिवा असे, आणि तो विझला म्हणजे त्याचें काम संपलें, हें पाहणारास निराळें सांगावें लागत नसे.

पियानोचा जन्म इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याच्या हातून झाला. पुढें तें वाद्य घराघरांत पोंचूं लागलें, तेव्हां दिव्याची सोय त्याच्या घडणींतच करण्यांत आली. कांहीं जुन्या ग्रँड पियानोंत संगीताची चोपडी ठेवण्याच्या चौकटीच्या दोन्ही अंगांस मेणबत्ती ठेवण्यापुरत्या लहान फळ्या असत. एकोणिसाव्या शतकांत उभा पियानो मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत शिरला, आणि त्याच्या दर्शनी फळीवर डावी-उजवीकडे पितळेचे दोन हात आले. हे हात बिजागरीवर फिरत. लागेल तेव्हां पुढें ओढावे, नको तेव्हां फळीशीं मिटवून ठेवावे. टोंकास मेणबत्तीची वाटी, तिच्याखालीं गळणारें मेण झेलण्यास लहानशी तबकडी, आणि मुळाशीं स्क्रूंनीं फळीवर आंवळलेली पितळी पट्टी, अशी त्यांची रचना असे.

ही सोय दिसावयास सुंदर होती; पण ती निर्वेध नव्हती. मोठा मंद्र स्वर वाजला कीं पियानोची सारी पेटी थरारते. बिजागरी थोडी झिजली किंवा स्क्रू ढिला पडला, कीं एखादा विशिष्ट स्वर वाजतांच पितळी हात त्याच्याबरोबर खुळखुळूं लागे. दोष तारेंत आहे कीं बाहेरच्या पितळेंत आहे, हें वाद्य जुळविणाऱ्या कारागिरास शोधून काढावें लागे. मेणबत्तीचा आणखी एक त्रास असा कीं, पूर्वींच्या चरबीच्या बत्त्यांस दुर्गंधि येई, त्या धुरकट जळत, आणि वातीची काजळी वारंवार कातरावी लागे. ज्याचे दोन्ही हात स्वरपट्ट्यांवर गुंतले आहेत त्यानें कातर केव्हां धरावी? हा प्रश्न संगीतकारांनीं सोडविला नाहीं. तो रसायनशास्त्रज्ञांनीं सोडविला. १८२५ मध्यें शेव्रल आणि गे-ल्युसॅक या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं चरबीपासून काढलेल्या घट्ट, स्वच्छ जळणाऱ्या द्रव्याच्या मेणबत्त्यांचें पेटंट घेतलें. त्याच सुमारास वेणीसारखी विणलेली वात आली. ती जळतांना वांकून ज्योतीच्या बाहेर येई व स्वतःच जळून जाई. त्यामुळें काजळी कातरण्याचें काम सुटलें. पियानोवरील पितळी हात पुढील काळांत इतके सार्वत्रिक झाले त्यास या दोन सुधारणा पुष्कळ अंशीं कारण आहेत.

आतां हा दिवा उजेड कशावर पाडीत होता, तें पाहूं. तो पट्ट्यांवर उजेड पाडण्यासाठीं नव्हता. तो चोपडीवर उजेड पाडण्यासाठीं होता. पियानोच्या काळ्या पट्ट्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांनीं उंच उभ्या असतात, आणि त्यांचा क्रम कधींही बदलत नाहीं. जी पट्टी आज 'सा' देते तीच उद्यांही देते. म्हणून तयार वादकाचीं बोटें अंधारांतही आपलें घर ओळखतात. व्हिएन्ना येथील मारिया थेरेसिया फॉन पाराडिस ही बाई लहानपणींच अंध झाली होती. तरी अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळांत पियानोवादक म्हणून तिनें युरोपांत मोठें नांव मिळविलें. अंध मनुष्यास पियानो वाजवितां येतो, पण छापलेलें पान वाचतां येत नाहीं, या एका गोष्टींत त्या दिव्याचें सारें प्रयोजन आलें. मेणबत्ती दुसऱ्याचा, म्हणजे रचनाकाराचा, विचार वादकास दाखवीत होती. वाद्य त्याच्या हातांस ठाऊकच होतें.

आपल्याकडील पेटी या संबंधांत चांगली साक्ष देते. पेटी मूळची युरोपीय. तिच्या पट्ट्या पियानोच्याच पद्धतीच्या. पण ती आपल्या गायनाच्या साथीस बसली तेव्हां दिव्याचे हात तिच्याबरोबर आले नाहींत. साथ करणारा गवयाच्या गळ्याकडे कान लावून वाजवितो. त्याच्यापुढें पान नसतें. पान नाहीं, म्हणून दिवाही नाहीं. भजनाच्या बैठकींत समई असेल किंवा कंदील असेल. तो देवासाठीं आणि मंडळीसाठीं असतो, पेटीसाठीं नसतो. वाद्य तेंच असतां एके ठिकाणीं दिवा त्याचा अवयव झाला आणि दुसरे ठिकाणीं त्याची आठवणही झाली नाहीं, याचें कारण वाद्यांत नसून वाजविण्याच्या पद्धतींत आहे.

विजेचा दिवा आल्यावर पितळी हातांचें काम संपलें. लंडनचें सॅव्हॉय नाटकगृह १८८१ मध्यें विजेच्या सुमारें १,२०० दिव्यांनीं उजळलें, आणि पुढील कांहीं दशकांत वीज घरांतही आली. छतावरून खोलीभर उजेड पडूं लागला तेव्हां मेणबत्तीचे हात अडगळ वाटूं लागले. पुष्कळांनीं ते काढून टाकले. जुन्या पियानोंच्या दर्शनी फळीवर स्क्रूंचीं बुजविलेलीं भोंकें, किंवा भोंवतालच्या लाकडाहून गडद राहिलेला पितळी पट्टीचा ठसा, अजून पाहावयास मिळतो. पण विजेनें उजेड जसा वाढविला तसा अंधारही वाढविला, हें विसरतां कामा नये. बायरॉइट येथें १८७६ मध्यें रिचर्ड वाग्नरनें आपलें नाटकगृह उघडलें, तेव्हां प्रेक्षागृह काळोखांत ठेवून वादकांस रंगमंचाखालच्या झांकलेल्या खड्ड्यांत बसविलें होतें. प्रेक्षकांनीं काळोखांत बसावें ही चाल पुढें सर्वत्र रुजली; विजेचे दिवे एका कळीनें मंद करतां येऊं लागल्यावर तर ती फारच सोपी झाली. मग वादकाच्या दिव्यास एक नवी मर्यादा पडली. त्यानें वादकास दाखवावें, पण प्रेक्षकाच्या डोळ्यांत जाऊं नये. म्हणून त्यास टोपी आली, मान आली आणि मंद करण्याची कळ आली.

विजेचीं कांहीं वाद्यें घरांत आलीं तीं पियानोस जोडावयाचीं उपांगें म्हणून, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेंतील हॅमंड कंपनीनें १९४० मध्यें सोलोव्हॉक्स नांवाचें एक लहान वाद्य विक्रीस आणलें. त्याचा तीन सप्तकांचा पट्ट्यांचा भाग पियानोच्या पट्ट्यांखालीं लांकडास जोडावयाचा असे. आवाजाची पेटी वेगळी असे. डाव्या हातानें पियानो वाजवावा आणि उजव्या हातानें खालच्या पट्ट्यांवर व्हायोलिनसारखा लांब स्वर धरावा, अशी ती योजना. १९४७ मध्यें फ्रान्सांत कॉन्स्टां मार्तां यानें क्लाव्हियोलिन हें त्याच जातीचें वाद्य केलें. हें नांव आपल्या वाचकांस अपरिचित वाटेल, पण त्याचा आवाज अपरिचित नाहीं. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटांतील बीन ज्यांनीं ऐकली आहे त्यांनीं क्लाव्हियोलिन ऐकलें आहे. ती कल्याणजी वीरजी शहा यांनीं त्याच वाद्यावर वाजविली. पियानोस उपांग म्हणून आलेल्या या वाद्यकुळानें पुढें पियानोची जागा घेतली, आणि मग त्यालाच उपांगांची गरज पडूं लागली.

येथून आमच्या विषयाचा मुख्य भाग सुरू होतो. १९६४ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांत रॉबर्ट मोग यानें हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्यानें आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना तयार केला. या वाद्यांत स्वर उत्पन्न करणारा भाग निराळा, त्यांतील अंश गाळणारा निराळा, स्वर किती वेगानें उठावा व किती सावकाश विरावा हें ठरविणारा निराळा. हे भाग एका कपाटांत ओळीनें बसविलेले, आणि वादकानें ते तारांनीं एकमेकांस जोडावयाचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंत १९६९ मध्यें अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याच्या साहाय्यानें असें एक मोग वाद्य आलें, आणि गीता साराभाई यांच्या पुढाकारानें तेथें विजेच्या संगीताची कार्यशाळा कांहीं वर्षें चालली.

असल्या कपाटापुढें बसणाऱ्या वादकाचें पान कोठें असतें? तें त्याच्यापुढें उभेंच असतें, कारण वाद्याचें तोंड हेंच त्याचें पान. कोणतें बटण किती फिरविलें आहे, कोणती तार कोठून कोठें गेली आहे, हें पाहिल्यावांचून पुढचा स्वर कसा निघेल तें सांगतां येत नाहीं. पियानोच्या पट्टीचा स्वर ठरलेला; येथें तीच पट्टी आज बांसरी, उद्यां घंटा आणि परवां वादळ. बोटांची स्मृति येथें पुरेशी पडत नाहीं. डोळा, जो पूर्वीं चोपडीवर होता, तो वाद्यावर उतरला, आणि डोळ्यामागोमाग दिवाही वाद्यावर उतरला. आम्ही आरंभीं ज्यास मोठा पालट म्हटलें तो हाच.

वाद्य करणारांस याची जाणीव थोडीबहुत होती. १९७० च्या मिनिमोगमध्यें तारा जोडण्याचें काम काढून टाकलें होतें, आणि बटणांची पाटी उचलून वादकाच्या डोळ्यांसमोर तिरपी उभी करण्याची सोय होती. १९७८ च्या प्रॉफेट-५ या वाद्यांत ठरविलेले चाळीस स्वरप्रकार साठवून एका कळीसरशीं परत आणतां येत. म्हणजे चालू कार्यक्रमांत बटणें न्याहाळण्याचें काम कमी झालें. पण १९८३ मध्यें यामाहा कंपनीचा डी-एक्स-७ आला आणि तो लाखाहून अधिक खपला. त्यावर फिरवावयाचीं बटणें जवळजवळ नव्हतींच. सपाट कळांची रांग, आणि दोन ओळींचा एक लहान पडदा. स्वराविषयीं जें काय जाणावयाचें तें त्या पडद्यावर वाचावयाचें. आणि त्या पडद्यामागें दिवा नव्हता! अंधाऱ्या रंगमंचावर तो वाचणें किती कठीण जात असेल याची कल्पना कोणासही करतां येईल. पुढील डी-एक्स-७-टू या आवृत्तींत पडद्यामागें उजेड आला. परंतु त्या काळच्या पुष्कळ वाद्यांत पडद्यामागील प्रकाशपत्र कांहीं वर्षांनीं मंद होत विझून जाई, आणि वाद्य धडधाकट असूनही मुकें नव्हे तर आंधळें होई.

कोणी असा आक्षेप घेईल कीं, अंध वादकांनींही हें वाद्य वाजविलें आहेच. खरें आहे, आणि तें उदाहरण आमच्याच म्हणण्यास पुष्टि देतें. स्टीव्ही वंडर या अंध अमेरिकन संगीतकारानें १९७२ मध्यें जे दोन प्रसिद्ध संग्रह काढले त्यांत टोंटो नांवाच्या अवाढव्य सिंथेसायझरचा मोठा वांटा आहे. पण त्या यंत्राचीं बटणें आणि तारा पाहण्याचें काम मॅल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गूलेफ हे दोघे करीत. पट्ट्या वंडर वाजवी. पियानोपुढें एका अंध कलावंतास दुसऱ्याचा डोळा लागला नव्हता. सिंथेसायझरपुढें तो लागला. ज्यांस डोळे आहेत पण उजेड नाहीं, त्यांची स्थितिही फारशी निराळी नाहीं. वाद्यावरील दिवा ही त्यांची निकड आहे.

आतां तो दिवा बसवावा कसा? ही रीति सिंथेसायझरवाल्यांनीं बव्हंशीं ध्वनिमिश्रण करणारांकडून घेतली. ते प्रेक्षागृहाच्या मागील काळोखांत शेंकडों बटणांपुढें बसतात. म्हणून त्यांच्या फलकाच्या मागच्या कडेस बारा व्होल्टच्या दिव्यासाठीं खोबण ठेवण्याची चाल पडली. या खोबणींत दिव्याचें टोंक आंत ढकलून पाव फेरा फिरविलें कीं संगिनीसारखें अडकतें, किंवा खटक्यानें आपोआप बसतें. ओढल्यानें निघत नाहीं. अशी खोबण बहुतेक सिंथेसायझरांस नसते. हल्लींच्या वाद्यांत संगणकाच्या जोडणीची यु-एस-बी खोबण असते, तींत पांच व्होल्टचा दिवा खोंचतां येतो. पण तिला कुलूप नाहीं. शिवाय ती आंतील पातळ विद्युत्पटास डाकानें चिकटविलेली असते. लांब मानेच्या टोंकाशीं दिव्याचें वजन आणि मुळाशीं ही नाजूक खोबण, म्हणजे तरफेचा नियम आपल्याविरुद्ध लावणें होय. वाद्य थरारलें कीं मान डोलते, आणि प्रत्येक डोलणें त्या डाकावर ताण देतें. म्हणून तेथें आंखूड मानेचा व हलका दिवाच लावावा. लांब मान पाहिजे असेल तर खोबणींतून केवळ वायर घ्यावी आणि दिव्याचा भार दुसरीकडे टांगावा.

भार घेण्यास स्क्रूचा चिमटा सर्वांत विश्वासाचा. तो वाद्याच्या बाजूच्या लांकडी गालास किंवा त्याहून बरें म्हणजे वाद्याच्या घोडीस आंवळावा. पातळ पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या कडेस नव्हे, कारण पत्रा दबतो व प्लॅस्टिक तडकतें. चिमट्याच्या जबड्यांत बनातीची किंवा रबराची चकती घातली म्हणजे वाद्यावर ओरखडा उठत नाहीं, आणि पितळी हातांचा तो जुना खुळखुळाटही बंद होतो. लोहचुंबकाची बैठक पोलादी पत्र्यावरच धरते, ॲल्युमिनियमवर नाहीं. वायरीस चिमट्यापाशीं एक सैल वेढा देऊन बांधावें. कोणाचा पाय अडकला तरी ओढ वेढ्यावर येते, दिव्यावर येत नाहीं. दिव्याच्या वीजपुरवठ्याचा गुणगुणाट कधीं कधीं वाद्याच्या आवाजांत उतरतो. तसें झाल्यास तो पुरवठा वेगळा व वाद्यापासून दूर ठेवावा. पूर्वींचे तापणारे हॅलोजनचे दिवे प्लॅस्टिकजवळ धोक्याचे होते. १९९३ मध्यें शुजी नाकामुरा यानें तेजस्वी निळा प्रकाश देणारा अर्धवाहक दिवा सिद्ध केला, त्यापासून पुढें पांढरे थंड दिवे निघाले, आणि तो धोका बहुतांशीं टळला.

इतक्या सूचना द्याव्या लागतात यांतच या इतिहासाचा निष्कर्ष आहे. एकोणिसाव्या शतकांतील पियानो करणारा कारागीर दिव्याच्या हातासह वाद्य विकीत असे. संध्याकाळीं तें वाजविलें जाणार हें त्यानें गृहीत धरलें होतें. ज्या वाद्यास उजेडाची गरज पियानोहून किती तरी अधिक, तें वाद्य मात्र पुष्कळदां दिव्याच्या जागेवांचूनच कारखान्यांतून बाहेर पडतें, आणि उरलेली घडण गिऱ्हाइकास चिमटे, चकत्या व दोऱ्या घेऊन पुरी करावी लागते. स्वर कसा निघेल याचा विचार करण्यांत करणारांनीं अफाट बुद्धि खर्च केली. वाजविणारास तो दिसेल कसा, हा विचार त्या मानानें फारच थोडा झाला. यंत्रांच्या इतिहासांत ही चूक नवी नाहीं. वस्तूची शक्ति वाढते तेव्हां ती वापरणाऱ्या माणसाच्या साध्या गरजा सर्वांत आधीं विसरल्या जातात, आणि त्या गरजा तो माणूस आपल्या परीनें, मिळेल त्या साधनानें भागवितो. सिंथेसायझरच्या कडेस आंवळलेला तो दिवा याच स्वावलंबनाचें फळ आहे. पुढें कोणी या वाद्याचा साद्यंत इतिहास लिहावयास घेईल, तेव्हां त्यानें त्यांतील विद्युन्मंडलांबरोबर बाहेरच्या चिमट्याचीही नोंद घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.